कंटेनरमधली ओल

आमच्या कारखान्यात आंतरराष्ट्रीय सहकार्य पहिल्यांदा आलं ते फ्लेक्सच्या बॅनरवरून, आणि त्या बॅनरवरचा एक झेंडा पाहुण्यांच्या शेजारच्या देशाचा होता. रंग तेच होते, पट्ट्यांची दिशा चुकली होती. मी प्लँट हेडना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, झेंडा नीट पाहिला आणि म्हणाले, "राहू दे. त्यांना कुठे कळतंय?"

"सर, त्यांच्याच देशाचा झेंडा आहे. म्हणजे असायला हवा होता."

"त्यांचा नाहीये ना? मग त्यांना कसा ओळखू येईल?"

बॅनर तसाच राहिला.

नरोलीत आमचा पॉलिएस्टर सुताचा कारखाना आहे. मी मूळचा नाशिकचा, पण इतकी वर्षं सिल्वासात काढली आहेत की नाशिकला गेलो की दुकानदाराशी गुजरातीत भाव करू लागतो. माझ्याकडे डिस्पॅच. सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, कार्टनमध्ये, कार्टन कंटेनरमध्ये, कंटेनर ट्रेलरवर आणि ट्रेलर न्हावा-शेवा बंदरात, इथपर्यंत माझी जबाबदारी. पुढे समुद्र आणि परमेश्वर.

तक्रार समुद्रापलीकडून यायची. कंटेनर उघडला की वरच्या थरातली कार्टन ओली, पुठ्ठा बसलेला, सुतावर पिवळे डाग. सगळ्याच खेपांत नाही. चार चांगल्या जायच्या आणि पाचवी भिजलेली निघायची. आम्ही सूत भरायचो ते कोरडं. कंटेनर म्हणजे सीलबंद लोखंडी डबा, त्याला भोक नाही. मग आत पाणी आलं कुठून? या धंद्यात याला कंटेनरला घाम येणं म्हणतात. दिवसा पत्रा तापतो, आतली ओल वाफ होऊन वर जाते. पत्रा गार झाला की तीच वाफ छताला थेंब होऊन लटकते आणि मालावर टपकते. पण घाम यायला आधी अंगात पाणी असावं लागतं. ते कुठून येतं, यावर मालक, जहाज कंपनी आणि विमा कंपनी यांची तीन वेगवेगळी मतं होती आणि प्रत्येकाच्या मते दोष इतर दोघांचा होता.

उत्तर युरोपातल्या एका बंदराच्या शहरातलं विद्यापीठ आणि पुण्याची एक संस्था मिळून याच प्रश्नावर काम करत होत्या. आमच्याकडून जाणाऱ्या दहा कंटेनरमध्ये साबणाच्या वडीएवढी यंत्रं ठेवायची. ती वाटभर आतल्या हवेतली ओल आणि तापमान नोंदवत जाणार. तिकडे माल उतरला की विद्यापीठातले लोक यंत्रं काढून घेणार आणि वाचणार. कल्पना इतकी सरळ होती की तिच्यासाठी बॅनर कशाला हवा, ते मला कळेना.

उद्घाटनाला तिकडच्या प्राध्यापकबाई स्वतः आल्या. साठीच्या, उंच, पायात दणकट बूट. समई पेटवली गेली, शाल दिली गेली, प्लँट हेडनी "आज नरोली जगाच्या नकाशावर आली" असं सांगितलं. नरोली आधी कुठे होती, हे त्यांनी सांगितलं नाही. बाईंनी चार वाक्यांत भाषण आटोपलं आणि विचारलं, "कंटेनर कुठे भरता?" गुच्छ हातात तसाच धरून त्या लोडिंग डॉकवर आल्या, समोर उभ्या असलेल्या एका रिकाम्या डब्यात शिरल्या आणि प्लायवूडच्या जमिनीवर गुडघे टेकून फटीत बघू लागल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटीला दोन्ही गुडघ्यांवर काळे कुळकुळीत गोल होते. त्या हसल्या. आमचे प्लँट हेड हसले नाहीत. मी मात्र त्या क्षणी सहकार्याबद्दलचं माझं मत थोडं बदललं. समारंभात कपडे मळवणारा पाहुणा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाई परत गेल्या. मागे राहिली पुण्याच्या संस्थेतली संशोधक मुलगी. मूळ साताऱ्याची, पीएचडीचं तिसरं वर्ष, सिल्वासात एका खोलीत भाड्याने राहायची आणि दर बुधवारी अकराच्या ठोक्याला पाठीवर सॅक घेऊन डॉकवर हजर व्हायची. तीन यंत्रं लावायची: एक जमिनीजवळ, एक मध्ये, एक छताजवळ. त्याआधी हातातल्या मीटरच्या दोन सुया कार्टनमध्ये, त्यांच्याखालच्या लाकडी पॅलेटमध्ये खुपसून त्यांची ओल मोजायची आणि वहीत उतरवायची. कंटेनरची जमीन मोजायची नव्हती. कारण रिकामा डबा जिथून यायचा त्या डेपोचं प्रमाणपत्र सोबत असायचं आणि त्यावर "स्वच्छ व कोरडा" असं छापलेलं असायचं. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा असतो, हे विद्यापीठातही शिकवतात तर.

डॉकवरचा कारभार आप्पांच्या हातात. आप्पा आमचे लोडिंगचे मुकादम, साक्रीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या हाताखाली सहा माणसं: चार खानदेशातली, एक खेरडीचा, एक कुठला ते त्यालाच विचारावं लागे. आप्पांनी भरलेल्या डब्यात कार्टन अशी बसलेली असत की सुरी घालायला फट सापडू नये. संशोधक मुलीला ते पहिल्या दिवसापासून ताई म्हणू लागले आणि ती त्यांना आप्पा. आठवड्या-दोन आठवड्यांतच ते तिला यंत्र छताला कसं बांधावं हे शिकवू लागले.

"ताई, तुमची गाठ लग्नाच्या शेल्याची आहे. ट्रेलर भिलाडच्या खड्ड्यात गेला का सुटनार. ही घ्या बैलगाडीची."

तिने ती गाठ वहीत काढून घेतली. मला वाटतं माझा संशयवाद तिथेच ढिला पडायला लागला. हे काम करणारे लोक खरंच काम करत होते.

दर बुधवारी एक, असे सहा डबे गेले. मग जहाजात जागा मिळेना म्हणून दोन आठवडे खाडा पडला. त्या खाड्यातच पहिल्या डब्याची नोंद तिकडून आली. ताईने लॅपटॉप माझ्या केबिनमध्ये उघडला. तिच्या मागे मी, माझ्या मागे आप्पा. पडद्यावर रेघ उमटली आणि ताई खुर्ची पुढे ओढून तिच्यावर वाकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"सर, हा पहिल्या तासापासून ओला आहे. समुद्र सोडा, अजून नरोलीचं फाटकही ओलांडलं नव्हतं त्याने."

आठवड्याने दुसऱ्याची नोंद आली. तशीच. मग तिसऱ्याची. हुबेहूब. रोज दुपारी रेघ चढायची, रात्री छताजवळच्या यंत्रात टोक गाठायची, पुन्हा तेच. आमची एरवी पाचातली एखादी खेप भिजायची. यंत्रं बसवलेली, आतापर्यंत पोचलेली एकूण एक भिजली होती. महिना फेब्रुवारी, नरोलीची हवा अशी की वाळत टाकलेला टॉवेल तासाभरात कडक. पाणी आमच्याकडून जातंय हे रेघेत दिसत होतं आणि आमच्याकडे पाणी कुठेही नव्हतं.

प्राध्यापकबाईंचं पत्र आलं. सभ्य लोक वाईट बातमी कशी देतात त्याचा तो नमुना होता. आमच्या सहकार्याचं मोल त्यांना फार वाटत होतं. मात्र सुरुवातीच्या ठिकाणच्या परिस्थितीवर भरवसा ठेवता येत नसेल तर पुढचा अभ्यास निरर्थक ठरतो. दुसऱ्या एका देशातला कारखाना तयार आहे. शुक्रवारी दुपारी व्हिडिओवर बोलून निर्णय घेऊ.

"म्हणजे तुझं काय?" मी ताईला विचारलं.

"म्हणजे माझा विषय तिकडे जाणार आणि मी इकडे राहणार. नव्याने सुरू करायला शिष्यवृत्तीची मुदत पुरणार नाही, सर. तीन वर्षं…" ती लॅपटॉपची वायर गुंडाळू लागली. एकदा गुंडाळून झाल्यावर सोडून पुन्हा गुंडाळली.

प्लँट हेडनी आपल्या परीने तोडगा काढला होता. त्यांनी तीन पानी निवेदन तयार केलं: यंत्रं सदोष आहेत, आमची प्रक्रिया निर्दोष आहे, आम्ही सहकार्यासाठी कटिबद्ध आहोत. मी वाचून म्हटलं, "सर, यंत्रं त्यांनी बनवली आहेत."

"म्हणून तर त्यांना पटेल."

बुधवारी मी सकाळी सातलाच कारखान्यात गेलो. एरवी नऊला जातो. डोकमर्डीतल्या घरी दोन दिवस मी ताटावर बसूनही रेघांचाच विचार करत होतो. शेवटी बायको म्हणाली, "भाकरी गार झाली. कारखान्यात जाऊन बसा, तिथे तरी काहीतरी उपयोग होईल." तिचं म्हणणं नेहमीप्रमाणे बरोबर निघालं.

डॉकच्या कोपऱ्यावर आलो आणि माझा पाय बुटासकट पाण्यात गेला. समोर सातवा डबा उभा होता, दोन्ही दारं सताड उघडी, आणि त्याच्या उंबऱ्यावरून पाण्याची पातळशी चादर खाली सांडत होती. आत खेरडीचा गडी आणि आणखी एक जण खराटे घेऊन जमीन घासत होते. आप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हातात पाइप धरून उभे. चेहरा असा प्रसन्न, जसा घरची गाय धुताना असतो.

"आप्पा, काय करताय हे?"

"काही नाही साहेब. बाईंचा डबा धुई राह्यलो."

"कधीपासून?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असंल."

"तसं नाही. कितव्या डब्यापासून?"

"पहिल्यापासून. यंत्राचा डबा असला का धुतो. बाकीचे नाही धुत, तेवढा टाइम कुठे आहे?" मग माझं तोंड बघून त्यांना शंका आली. "फिनाइल नाही घालत हां, साहेब. सुताला वास लागंल. निस्तं पाणी."

माझ्या डोक्यात एकदम सगळं खणकन जागेवर बसलं. सातला धुतला, अकरापर्यंत वरून उन्हाने वाळला, ताई आली तेव्हा जमीन हाताला कोरडी. पण प्लायवूड दोन बोटं जाड. वरचं पाणी उडालं, आतलं पाणी आत. वर टनावारी सूत रचलं, दार लावलं, सील ठोकलं. पुढचा दीड महिना ते लाकूड रोज दुपारी तापणार, श्वास सोडल्यासारखं पाणी सोडणार, आणि ते छताला जाऊन टपकणार. ओल आम्ही स्वतः पॅक करून पाठवत होतो, आणि फक्त त्याच डब्यांतून, ज्यांतली ओल मोजायची होती.

"पण मला का नाही सांगितलंत?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "साहेब, पाहुणे यायचे असले का घरात सडा टाकतो. ते काय घरधन्याला विचारून टाकतो का? त्या दिवशी बाई त्या घाणेरड्या डब्यात बसल्या, पांढऱ्या कपड्याचं काय झालं बघितलं ना तुम्ही? एवढ्या लांबून आलेली बाईमाणूस. मला तं रात्री जेवन गेलं नाही. म्हटलं यापुढे बाईंच्या नावाचा डबा घान जानार नाही."

मी हसायला लागलो. आप्पांना वाटलं मी खूश झालो. त्यांनी पाइप पुन्हा सुरू केला. "बंद करा, बंद करा!" असं ओरडत मी फोन काढला.

ताई दहा मिनिटांत रिक्षातून उतरली, केस न विंचरता, सॅकचा एकच पट्टा खांद्यावर. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो: "मीटर घेऊन ये. पाणी सापडलं." ती डब्यात चढली, खाली बसली, दोन्ही सुया प्लायवूडमध्ये दाबल्या. मीटर किंचाळला. मग उडी मारून शेजारच्या डब्यात गेली. तो रोजचा डबा होता, त्याच गिऱ्हाइकाचा, त्याच जहाजावर जाणारा, आणि त्याला कोणी धुतलं नव्हतं कारण त्याला कोणी पाहुणा मानत नव्हतं. तिथे मीटर गप्प राहिला. ती पुन्हा पहिल्यात आली, दाराजवळ, मध्ये, टोकाला, सहा ठिकाणी सुया खुपसल्या, सहाही वेळा तो किंचाळला, आणि ती ओल्या उंबऱ्यावरच बसली.

"ताई, काही चुकलं का?" आप्पांनी पाइप मागे लपवत विचारलं.

"आप्पा, किती पाणी घालता?"

"जास्त नाही ताई." मग कंजूसपणाचा आरोप नको म्हणून, "तसं भरपूर घालतो."

"नीट सांगा ना. दर वेळी तेवढंच?"

"तेवढंच. तो निळा पिंप भरून घेतो. एका डब्याला एक पिंप. घासायचं, वाढवन मारून पाणी बाहेर झाडायचं, दारं उघडी ठेवायची. अकराला तुम्ही येता, तोवर चकाचक."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. ही दोन्ही कामं एकाच वेळी करताना माणूस फार विचित्र दिसतो. "सर, दर वेळी एक पिंप! मोजलेलं पाणी! आप्पांनी सहा वेळा एकच प्रयोग केलाय."

मग तिने आप्पांना समजावून सांगितलं: लाकूड पाणी कसं धरतं, वाफ कशी वर जाते, रेघा तशा का आल्या, आणि शुक्रवारी काय ठरणार आहे. आप्पांनी सगळं ऐकलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता उतरत गेली. दुमडलेली पँट त्यांनी खाली सोडली, एक पाय, मग दुसरा.

"म्हणजे ओल मीच भरून धाडली."

खेरडीच्या गड्याने खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

"शुक्रवारी माझं नाव सांगा," आप्पा म्हणाले. "तुमचं शिक्षन माझ्यामुळे बुडायला नको. मला काय, आणखी दोन-तीन वर्षांनी गावालाच जायचंय."

मी त्यांना सांगितलं की असं काही होणार नाही. होणार नाही याची मला अजिबात खात्री नव्हती. ताईने त्या दिवशी दोन्ही डब्यांत यंत्रं बसवली, धुतलेल्यात तीन आणि बिनधुतलेल्यात राखीव म्हणून आणलेली तीन. दोन्ही एकामागोमाग एक फाटकाबाहेर पडले. मी आयुष्यात हजारो ट्रेलर फाटकाबाहेर जाताना पाहिलेत. परीक्षेच्या निकालाला निघाल्यासारखे ते दोनच.

प्लँट हेडना सांगणं हे वेगळंच प्रकरण होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, "म्हणजे मी युरोपला असं सांगू, की आम्ही बॅनर लावला, समई लावली, आणि मग स्वतःच्या हाताने कंटेनरमध्ये पिंपभर पाणी ओतलं?"

"थोडक्यात तसंच, सर."

"त्यापेक्षा सदोष यंत्रं बरी."

"सर, मग त्यांचा पुढचा प्रश्न असेल, दुसऱ्या देशात हीच यंत्रं नीट कशी चालतात?" ताई म्हणाली. ती प्लँट हेडशी पहिल्यांदाच इतक्या ठामपणे बोलत होती. "मला माझ्या प्रबंधात खोटं लिहिता येणार नाही. आणि हे खरं इतकं चांगलं आहे की खोट्याची गरजच नाही."

प्लँट हेडनी निवेदनाची पानं पुन्हा चाळली. कटिबद्ध हा शब्द तिसऱ्या पानावर दोनदा आला होता. "ठीक आहे. पण सुरुवात मी करणार," ते म्हणाले.

शुक्रवारी कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही चौघे. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. पडद्यावर बाई, मागे पुस्तकांचा ढीग, खिडकीबाहेर त्यांची राखाडी सकाळ. प्लँट हेडनी सुरुवात केली: कारखान्याची स्थापना, कारखान्याची क्षमता, कारखान्याला मिळालेले पुरस्कार. बाई ऐकत राहिल्या. पुरस्कारांची यादी संपेना तेव्हा म्हणाल्या, "माफ करा, पण पाणी कुठून आलं?"

प्लँट हेडनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे, ताईने आप्पांकडे. आप्पा उठून उभे राहिले.

"मॅडम, मी धुतले," ते म्हणाले, आणि मग मराठीत सगळं सांगितलं. पांढरे कपडे, काळे गुडघे, निळं पिंप, खराटे. ताई वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेली. गुडघ्यांचा भाग आला तेव्हा तिने स्वतःच्या गुडघ्यांवर बोटाने गोल काढून दाखवले. बाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, जणू ते डाग अजून तिथे असावेत. सगळं संपल्यावर त्या टेबलावरचे कागद चाचपू लागल्या. गेलं, असंच मला वाटलं.

मग त्यांनी पेन उचललं. "पिंप केवढं? पाणी घातल्यापासून दार लावेपर्यंत किती तास? दारं पूर्ण उघडी की अर्धी? ट्रेलर उन्हात की सावलीत?"

आप्पा आधी बिचकले, मग सांगू लागले. त्यांना सगळं ठाऊक होतं. कितव्या डब्याला ढग होते, कितव्याला दार उशिरा लागलं, कोणत्या डब्याची जमीन जुनी आणि भुसभुशीत होती. मी वीस वर्षं या माणसाला "किती डबे झाले?" एवढाच प्रश्न विचारत आलो होतो.

शेवटी बाई खुर्चीत मागे टेकल्या. "कितीतरी वर्षं मी कंटेनर धुणारा माणूस शोधतेय," त्या म्हणाल्या. "जगातला प्रत्येक कंटेनर कुठे ना कुठे धुतला जातो. डेपोत, बंदरात, कारखान्यात. आणि विचारायला गेलं की तो कोणीच धुतलेला नसतो. कागदावर कोरडा असतो. धुतला, इतक्या पाण्याने धुतला, इतके तास वाळवला, असं सांगणारे तुम्ही पहिले."

ताईने भाषांतर केलं. आप्पा म्हणाले, "तिला म्हणा, माफी मागतो."

बाईंना ते भाषांतराशिवाय कळलं असावं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. मग पुन्हा शास्त्रज्ञ झाल्या. सहा धुतलेले डबे म्हणजे पुरावा नव्हे, त्या म्हणाल्या; शेजारचा बिनधुतलेला डबा त्याच जहाजातून कोरडा पोचला तरच हे सिद्ध होईल. तोही भिजलेला निघाला तर कारण दुसरं काहीतरी आहे आणि काम दुसऱ्या देशात जाईल. तोवर निर्णय थांबवते.

ते दीड महिने कसे गेले विचारू नका. मी, ज्याने आजवर कोणत्याही जहाजाचं नावसुद्धा वाचलं नव्हतं, तो रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्या जहाजाचा ठिपका बघायचो. आप्पा विचारायचे, "कुठे पोचलं?" मी सांगायचो, आफ्रिका. दुसऱ्या दिवशी, आफ्रिका. "केवढी आहे ती?" खेरडीचा गडी वैतागून म्हणाला. कॅन्टीनमध्ये दोन तट पडले, धुतलेल्याच्या बाजूचे आणि बिनधुतलेल्याच्या बाजूचे, आणि दोन्ही तटांना काय सिद्ध व्हायला हवं याची नीटशी कल्पना नव्हती. मधल्या काळात यंत्रांचे पुढचे डबे ताईने रोखून धरले. प्लँट हेड तर चक्क डॉकवर येऊन रिकाम्या डब्याच्या जमिनीला हात लावून जाऊ लागले.

एप्रिलच्या एका दुपारी बाईंनी तिकडच्या गोदामातूनच व्हिडिओ लावला. अंगावर केशरी जाकीट, डोक्यावर हेल्मेट. ताईने लॅपटॉप डॉकवर कार्टनच्या थप्पीवर ठेवला. सहाही गडी, आप्पा, मी, आणि मागे हाताची घडी घातलेले प्लँट हेड. बाईंनी आधी धुतलेला डबा उघडला आणि कॅमेरा छताकडे फिरवला. पत्र्यावर थेंबांची रांगच्या रांग. वरची कार्टन काळपट पडलेली. आप्पांनी नजर खाली केली.

मग दुसरा. सील तुटलं, दांडा फिरला, दार उघडलं. कॅमेरा हलत हलत वर गेला. छत कोरडं होतं. बाईंनी हातमोजा काढला, तळहात पत्र्यावरून फिरवला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. धूळ. साधी, कोरडी, आमच्या नरोलीची धूळ.

डॉकवर जो आरडाओरडा झाला तो ऐकून पलीकडच्या शेडमधले लोक धावत आले. त्यांना वाटलं कोणाला तरी लागलं. ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. खेरडीचा गडी आप्पांना पाठीत धपाधप मारत होता आणि म्हणत होता, "आप्पा, तुमचाच डबा खराब निघाला! तुमचाच!" इतक्या आनंदाने कोणाचं काम खराब निघाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

अर्ध्या तासाने यंत्रांच्या नोंदी आल्या. दोन रेघा. एक वरखाली उड्या मारणारी, एक जमिनीलगत सरळ निघून गेलेली. ताईने त्या एकावर एक ठेवल्या आणि बाईंनी गोदामातूनच सांगितलं की काम सिल्वासातच राहील, दहाचे वीस डबे होतील, आणि ताईने वर्षअखेरीस सहा महिने तिकडे येऊन हे सगळं लिहून काढायचं आहे. "आता पुढचा डबा," त्या म्हणाल्या. "तो कसा पाठवायचा?"

ताईने कोरडा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आप्पा केव्हाचे काहीतरी पुटपुटत रेघांकडे बघत होते. ते पुढे झाले.

"ताई, तिला विचारा. धुवायचाच, पन नीट वाळवला तं? डेपोवाले धुनारच, त्यांना कोन थांबवतंय? मग किती वाळवला का पुरतं, ते कळायला पाहिजे का नाही? दुपारनंतर नरोलीत वारा पश्चिमेकडून येतो. आपले डबे उभे राहतात ते पूर्वेला दार करून. दार पश्चिमेला केलं आन दोन दिवस ठेवला, तं मीटर काय बोलतो बघू."

ताईने भाषांतर केलं. पलीकडे बाई हेल्मेट सावरत लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आज सुरू करता येईल?"

आठवा रिकामा डबा फाटकातून नुकताच आत आला होता. ट्रेलरचा ड्रायव्हर सवयीप्रमाणे डब्याचं दार पूर्वेला येईल असा लावत होता. आप्पा हात उंचावून धावत सुटले, मागून गडी, त्यांच्या मागून ताई मीटर घेऊन. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. एवढी लांब गाडी उलटी फिरवायची, ती कशासाठी, हे त्याने हिंदीत, जरा तिखट शब्दांत विचारलं.

"रिसर्च चाले छे, भाई," आप्पा गुजरातीत ओरडले. "फेरवो!"